जेवणाऱ्याला विचार

फोन आला तेव्हा मी पुण्यातल्या घराच्या बाल्कनीत टॉवेल वाळत घालत होतो. पलीकडे मानोजीराव. हा माणूस चेन्नईच्या एग्मोरला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेला, त्यामुळे फोनवरही स्टेशनवरच्या घोषणेसारखा बोलतो. प्रत्येक वाक्य सुटं, आणि प्रत्येक वाक्य दोनदा. "अक्का गेली," ते म्हणाले. थांबले. "अक्का गेली." मी कसंबसं विचारलं, कधी, कशी... "दुपारी निजली. उठली नाही. उठली नाही." आणि मग त्याच सुरात, पण या वेळी एकदाच, "तू जेवलास?" हातातला टॉवेल खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या तुळशीवर जाऊन पडला. ज्याची बायको त्या दुपारी गेली होती, तो माणूस मला जेवणाचं विचारत होता. त्या घराची रीतच तशी होती. ती रीत नसती, तर माझी चेन्नईतली नोकरीही राहिली नसती.

अंबुजाक्षी राव हे तिचं पूर्ण नाव, पण तिथल्या गिंडी भागातल्या आमच्या ऑफिसात मॅनेजरपासून वॉचमनपर्यंत सगळे तिला अक्काच म्हणत. तंजावरकडच्या मराठी घराण्यातली. साताऱ्याहून मी तिथे रुजू झालो ते दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, अंगावर नवा शर्ट आणि खिशात प्रोबेशनचं पत्र घेऊन. तमिळ येत होतं ते एवढंच की रिक्षावाल्याने भाडं सांगितलं की मान डोलवायची. पहिल्या दिवशी टेस्टिंगच्या खोलीत कुंकवाची मोठी टिकली लावलेली, ठेंगणी, पन्नाशीची बाई माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाली, "मराठी काय रे तू?" मी आनंदाने जवळजवळ उडीच मारली. "हो! तुम्हीपण?" "आमचे पूर्वज घोड्यावरनं आले, तंबी. तू रेल्वेनं येऊन इतका उशीर का केलास?" 'तंबी' म्हणजे धाकटा भाऊ. त्या क्षणापासून मी तंबी झालो आणि आजही आहे. तिचं मराठी जुनं, तमिळ चालीवर हेलकावणारं. मला वाटायचं, एखादी पेशवाईतली बाई डोसा खाता खाता बोलतेय.

आमचं काम सांगतो, घाबरू नका. प्रोग्राम चालता चालता मध्येच थांबवून त्याच्या पोटात काय चाललंय ते दाखवणारं एक साधन असतं, डीबगर. प्रोसेसरच्या अगदी हाताशी काही कप्पे असतात, त्यांना म्हणायचं रजिस्टर. साध्या कप्प्यात एक आकडा मावतो. पण तेव्हा नव्याने येणाऱ्या व्हेक्टर रजिस्टरमध्ये चार आकडे शेजारी शेजारी बसायचे, म्हणजे एका फटक्यात चार बेरजा. आमचा डीबगर हे कप्पे नीट दाखवतो का, आणि बाहेरून त्यांत आकडा टाकला तर तो नीट बसतो का, हे तपासायचं. परदेशातल्या एका ग्राहकाचं काम होतं ते, आणि मॅनेजर सेल्वम सरांनी मला पहिल्याच आठवड्यात स्वच्छ सांगितलं होतं, हे वेळेत गेलं तर तुझी नोकरी पक्की, नाही गेलं तर... त्या 'तर' नंतर ते फक्त पेन टेबलावर आपटायचे. साताऱ्याची नोकरी मी सोडून आलो होतो. बायकोला महिनाअखेरीस आणायचं ठरलं होतं आणि घरमालकाने आगाऊ भाडं घेऊन कुलपाची किल्लीही दिली होती.

मी जीव ओतून टेस्ट लिहिल्या. डीबगरमधून प्रत्येक कप्प्यात आकडे टाकायचे, डीबगरमधूनच परत वाचायचे, जुळले की पास. एका दुपारी स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत पास, पास, पास... एखाद्या शाळेच्या निकालासारखं. मी धावत जाऊन मैसूरपाक आणला, खोलीभर वाटला आणि एक मोठा तुकडा अक्काच्या टेबलावर, तिच्या सहीसाठी ठेवलेल्या कागदाशेजारी. तिची सही झाल्याशिवाय काही बाहेर जात नसे. तिने मैसूरपाककडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं, आणि तो तुकडा कागदात गुंडाळून खणात टाकला. "गोड नंतर. सगळं पास आहे म्हणजे कुणी काही विचारलंच नाही." सेल्वम सर मागे येऊन उभे होतेच. "अक्का, उद्या पाठवायचंय." "मग परवा पाठवा," अक्का म्हणाली, "चल तंबी, जेवायला."

ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक मेस होती, केळीच्या पानावर जेवण वाढणारी. मी तोंड पाडून बसलो. मला वाटलं, ही बाई माझी नोकरी खाणार, आणि वर मला सांबार खायला घालतेय! अक्का बसली नाही. वाढप्याच्या हातातलं पान घेऊन माझ्यासमोर उभी राहिली, नाटकातली राणी रंगमंचावर यावी तशी. "टोक कुठं ठेवायचं?" "डावीकडे," मी म्हटलं, एवढं तर मला माहीत झालं होतं. पानाचं निमुळतं टोक डावीकडे, मीठ डाव्या कोपऱ्यात. तिने पान ठेवलं. टोक माझ्या उजव्या हाताला आलं. "चुकलं, अक्का." "चुकलं कसं? हे बघ, माझ्या डावीकडे आहे." तिने खरोखर वाढायला सुरुवात केली, मीठ, लोणचं, भाजी, पायसम, सगळं उलट्या बाजूने. वाढपी पोट धरून हसत होता. "आता मी वाढलंय. मलाच विचार, बरोबर वाढलं का." "बरोबर वाढलं का?" "एकदम बरोबर!" ती म्हणाली, आणि मग माझ्या कपाळावर लोणच्याच्या हाताने टिचकी मारली. "तुझी टेस्ट हीच आहे, शहाण्या. वाढणाऱ्यानं वाढलं, आणि वाढणाऱ्यालाच विचारलं. तो समोर उभा. टाकताना उलटं, बघतानाही उलटं, मग जुळणारच की! जेवणाऱ्याला विचार."

जेवणारा म्हणजे प्रोग्राम. ऑफिसात परत येताना डोक्यात घंटा वाजत होत्या. जेवलेलं जिरायच्या आत आम्ही एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याने स्वतःच कप्प्यात चार वेगवेगळे आकडे ठेवायचे आणि थांबायचं. आकड्यांना नावं अक्कानेच दिली: उप्पु, ऊरुगाय, पोरियल, पायसम. मीठ, लोणचं, भाजी, खीर. डीबगरला विचारलं, काय दिसतंय? त्याने खीर पहिली दाखवली आणि मीठ शेवटी. उलट्या बाजूने वाढलेलं पान! मग डीबगरमधून मीठ पहिल्या जागी टाकलं, प्रोग्राम पुढे चालवला, आणि प्रोग्रामने ते खिरीच्या जागेवरून उचललं. डॉक्टरने क्ष-किरणाचा फोटो उलटा धरून डाव्या हाताऐवजी उजव्याला प्लास्टर घालावं, तसली भानगड. जो कोणी या डीबगरने आपली चूक शोधणार होता, तो भलत्याच कप्प्यात शोधत बसला असता. अक्काने खुर्ची मागे सरकवली, चष्मा काढला आणि म्हणाली, "अय्यो, किती छान चुकलंय!" एखाद्याने नातवाचा पहिला दात बघावा तशा चेहऱ्याने.

पण छान चुकलं तरी पाठवायची तारीख गेली होती. ग्राहकाबरोबर फोनवर बैठक लागली. टेबलाच्या मधोमध तो तीन पायांचा कोळ्यासारखा स्पीकर, एका बाजूला सेल्वम सर, दुसऱ्या बाजूला मी, घाम पुसत. पलीकडून विचारणा झाली, उशीर कशामुळे? सेल्वम सरांनी घसा खाकरला. "आमचा एक टेस्टर नवीन आहे, त्यामुळे..." माझ्या डोळ्यांसमोर घरमालकाची किल्ली आली. तेवढ्यात अक्का स्पीकरवर ओणवी झाली, एखाद्या बहिऱ्या आत्याशी बोलावं तशी, मोठ्याने. "उशीर मी केला. सही माझी, ती मी थांबवली. त्या नव्या मुलानं दोन दिवसांत नवीन टेस्ट लिहिली, ती सकाळीच पाठवलीय, तुमच्या मशीनवर चालवून बघा. मग मला काय बोलायचं ते बोला." काही वेळाने पलीकडून कागद चाळल्याचा आवाज, आणि एक गोंधळलेला प्रश्न, हे उप्पु म्हणजे काय? "सॉल्ट," अक्का गंभीरपणे म्हणाली, "ऑलवेज ऑन द लेफ्ट." सेल्वम सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलत होते.

ग्राहकाने टेस्ट चालवली, दोष मान्य केला, दुरुस्तीला वेळ दिला. काम आमच्याकडेच राहिलं. माझं पक्कं झाल्याचं पत्र सेल्वम सरांनीच आणून दिलं, या वेळी पेन न आपटता. अक्काने दुरुस्त झालेल्या कामावर सही केली आणि मग खण उघडून तो मैसूरपाक काढला. तोवर त्याचा दगड झालेला. तिने तो टेबलाच्या कडेवर आपटून दोन तुकडे केले. मोठा मला दिला. "आता गोड," म्हणाली. दात शिल्लक राहिले, हे माझं नशीब.

त्यानंतर चेन्नईत जितकी वर्षं काढली, तितक्या वर्षांचे रविवार मैलापूरला अक्काच्या घरात गेले. माझी बायको अक्काकडून तंजावरी आमटी शिकली, मुलगी तिच्या मांडीवर तमिळ शिकली, आणि मी... मी टेबलाला वळसा घालायला शिकलो. मुलीशी भांडण झालं की जातो पलीकडे, बसतो तिच्या खुर्चीत. दर वेळी माझ्या डावीकडचं मीठ तिथून उजवीकडेच दिसतं! अक्काचं ऋण मोजता येण्यासारखं नाही, आणि मोजलेलं तिला आवडलंही नसतं. तिला फक्त एवढंच हवं असायचं की मी पोटभर जेवून उठावं आणि खरं सांगावं कसं झालं होतं. एकदा मी तिच्या वत्तक्कुळंबूला, म्हणजे चिंचेच्या दाट आमटीला, 'छान' म्हटलं, पहिला घास तोंडात जायच्या आधी. तिने पान माझ्यापुढून उचललं! "न खाता पास केलंस? अजून प्रोबेशनवरच आहेस तू."

गेल्या महिन्यात मैलापूरला गेलो. दाराशी कोलम नव्हतं, तिची रोजची पिठाची रांगोळी. मानोजीराव दिसले ते पंचा खांद्यावर टाकून, स्वयंपाकघरात, चेहऱ्यावर पिठाचे डाग. "बैस. बैस," म्हणाले. या माणसाने आयुष्यात चहादेखील स्वतःच्या हाताने ओतून घेतला नव्हता. मी जमिनीवर मांडी घातली, नेहमीच्या जागी, जिथून तिचा पाट आणि खिडकीतला शेवगा दिसतो. ते समोर उभे राहिले, हातात पान. वाकून ठेवलं. टोक माझ्या उजव्या हाताला.

आम्ही दोघं त्या पानाकडे बघत राहिलो, कुणीतरी स्वयंपाकघरातून ओरडेल अशी वाट बघत... मग मानोजीराव हळूच वळसा घालून माझ्या बाजूला आले, गुडघे धरत माझ्याशेजारी टेकले आणि माझ्या जागेवरून पानाकडे पाहिलं. "हां," म्हणाले. पान फिरवलं. टोक डावीकडे. मग उठले, डाव्या कोपऱ्यात मीठ वाढलं, लोणचं, भाजी, आणि उजवीकडे खालती थोडी पातळ, थोडी लागलेली खीर. पुन्हा समोर जाऊन उभे राहिले, हात पंच्याला पुसत.

"बरोबर झालं का?" त्यांनी विचारलं. आणि पुन्हा, "बरोबर झालं का?"

जिभेवर 'छान' आलं होतं. ते गिळलं.

"थांबा, भावोजी," मी म्हटलं, "आधी जेवतो."