अध्यक्षांनी केलेलं लिनक्सचं पारायण

पिंपळशेंड्याच्या सार्वजनिक वाचनालयातून बावीस वर्षांत एकही पुस्तक हरवलं नाही. यातलं अर्धं श्रेय ग्रंथपाल धम्मशीलाबाईंचं आणि अर्धं गावाचं. गाव वाचनालयात येतं ते पेपरसाठी. आधी निधनवार्ता, मग सोयाबीनचा भाव, आणि तेवढ्यानं डोळे थकले की पंख्याखाली डुलकी. कपाटाला हात लावायचं पाप कोणी करत नाही. तरी धम्मशीलाबाई रोज साडेआठला कुलूप काढणार, फडकं मारणार आणि नवं पुस्तक आलं की नोंदवहीत त्याला क्रमांक देणार. सात हजार तीनशे चाळीस पुस्तकं, सगळी त्यांच्या हातच्या अक्षरात. एक खाडाखोड दाखवा अन् बक्षीस घेऊन जा.

सगळं श्रेय नेणारा मात्र तिसराच. वाचनालयाचे अध्यक्ष पंजाबराव. सलग सहा वेळा बिनविरोध. बिनविरोध काऊन, तर विरोध करायला सभेला कोणी यायला तर पाहिजे ना! कपाटं नऊ, आणि प्रत्येक कपाटाची एक किल्ली अध्यक्षांच्या बंडीच्या खिशात, असा वाचनालयाचा रिवाज. त्यांनी जन्मात एक कपाट उघडलं नाही, पण किल्ल्यांचा जुडगा वाजवत डोणगाव फाट्यापर्यंत चाललं की माणूस वजनदार दिसतो. भाषणाला मात्र गडी पक्का. तेरवीला गेले तरी माईक मागत, आणि मेलेल्याबद्दल दोन वाक्यं बोलून झाली की उरलेला अर्धा तास स्वतःबद्दल.

तर एक दिवस वरच्या कचेरीतून पत्र आलं. जानेवारीअखेर सगळ्या पुस्तकांची यादी संगणकात पाहिजे. तपासणीला साहेब येतील. यादी नसेल तर वाचनालयाची श्रेणी उतरेल, आणि ग्रंथपाल अकार्यक्षम समजून बदलण्यात येईल.

‘बदलण्यात येईल’ हे शब्द पंजाबरावांनी दोनदा वाचले. त्यांची धाकटी सून पूनम कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, घरी बसलेली. ते गोड आवाजात म्हणाले, “बाई, तुमचं वय झालं. हे तुमच्यानं होईन का?”

“माझं वय अठ्ठेचाळीस आहे, भाऊ,” धम्मशीलाबाई म्हणाल्या. “तुमचं सदुसष्ट.”

वाचनालयात दान आलेला एक संगणक होता. तो चालवणारी जुनी प्रणाली अध्यक्षांच्या सत्कारांचे फोटो आणि त्या फोटोंच्या पेन ड्राइव्हमधून आलेले व्हायरस खाऊन खाऊन मेली होती. नवी विकत घ्यायला समितीची मंजुरी पाहिजे, आणि समिती म्हणजे चहा. तेवढ्यात मेहकरला दोन दिवसांची कार्यशाळा निघाली. विषय, लिनक्स. फुकट मिळणारी, कोणा एकाच्या मालकीची नसलेली, ज्याला वाटेल त्यानं घ्यावी, वाटावी, सुधारावी अशी प्रणाली.

पंजाबराव म्हणाले, “फुकट म्हंजे त्यात खोट असनच.” इतकी वर्षं ते स्वतः वाचनालयाचा पेपर फुकट वाचत होते, पण तो मुद्दा वेगळा.

कार्यशाळेचं काय सांगावं! पहिला दिवस दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय आणि पाहुण्यांनी स्वतः परत करून दिलेला परिचय यात गेला. जेवण बरं होतं. दुसऱ्या दिवशी दीपक सर नावाच्या एका किडकिडीत माणसाला तीन तास मिळाले. त्या बिचाऱ्यानं घाईघाईत सगळ्यांच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स भरून दिलं, बारा पानांची पुस्तिका वाटली आणि काळ्या पडद्यावर आदेश कसे टाइप करायचे ते शिकवायला घेतलं. फोल्डर बनवा, आत जा, यादी बघा, नाव बदला, पुसून टाका. “आता सगळ्यात महत्त्वाचं, नक्कल काढून दुसरीकडे ठेवायची कशी,” असं ते म्हणताहेत तोच समारोपाचे पाहुणे आले आणि सरांच्या हातातला माईक गेला. नक्कल राहिली ती राहिलीच. सरांना शाल आणि नारळ मात्र मिळाला.

धम्मशीलाबाईंनी गावी येऊन पुस्तिकेत बघत बघत तीन खेपांत लिनक्स चढवलं. काळा पडदा उघडला. त्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत होती. चित्र नाही, बटण नाही, काही नाही. दुसरं कोणी असतं तर तिथंच हात जोडले असते. पण बाईंना वाटलं, अरे, हे तर आपलंच काम आहे! फोल्डर म्हणजे कपाट. त्यातलं फोल्डर म्हणजे कप्पा. ‘सीडी’ लिहिलं की त्या कपाटापाशी चालत जायचं, ‘एलएस’ लिहिलं की आत काय काय ठेवलंय ते बघायचं. आपण कुठं उभे आहोत हे विसरलं तर त्यालाही आदेश होता. ‘ग्रेप’ नावाचा आदेश हाती लागला त्या दिवशी तर त्या टेबलाशी बसून एकट्याच हसल्या. एक शब्द द्यायचा, आणि तो शब्द असलेली सगळी पुस्तकं पापणी लवायच्या आत समोर! बावीस वर्षं शिडीवर चढून जे करत होत्या ते.

त्यांना सगळ्यात आवडली ती या यंत्राची रीत. आदेश बरोबर असला की ते काम करायचं आणि गप्प बसायचं. ना शाबासकी, ना घंटी. खालच्या ओळीवर रेघ पुन्हा लुकलुकायला लागली की समजायचं, झालं. चुकलं तरच दोन शब्द बोलायचं.

“माणूस असता तर गावात याचं लग्न जमलं नसतं,” त्या पूनमला म्हणाल्या.

हो, पूनमला. सासऱ्यांनी तिला पाळत ठेवायला पाठवलं होतं आणि ती रोज दुपारी येऊन बाजूला बसायची. आठ दिवसांत ती पाळत विसरली आणि पुस्तकांची नावं वाचून दाखवायला लागली. “ताई, मी कोर्समंदी नुसतं पत्राले बॉर्डर कशी मारायची ते शिकली,” ती म्हणाली. पाच महिने बाई टाइप करत होत्या. पुस्तिकेत शिकवलं तसंच फोल्डरचं नाव ‘पुस्तक’ ठेवलेलं, त्यात नऊ कपाटांच्या नऊ याद्या. जानेवारीच्या चोवीस तारखेला सात हजार तीनशे चाळिसावी नोंद पडली. सत्तावीसला साहेब येणार होते. नोकरी वाचली, असं त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मनात म्हटलं.

आता पंजाबरावांच्या पोटात दुखायला लागलं. यादी झाली ती झाली, पण सोहळ्याविना झाली! त्यांनी फर्मान काढलं. साहेबांसमोर संगणकीकरणाचं उद्घाटन होईल आणि बटण अध्यक्ष दाबतील. शिवाय किल्लीचा रिवाज होताच. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून घेतला आणि जुडग्यासोबत बंडीत टाकला.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं आणि त्यांनी धम्मशीलाबाईंना मेहकरला पिटाळलं, शाल आणि नारळ आणायला. स्वतः दुपारी रंगीत तालमीला बसले, शेजारी पूनम. पासवर्ड टाकायला गेले तर पडद्यावर अक्षरच दिसेना.

“कीबोर्ड गेला!”

“नाही मामाजी, तो दाखवतच नसते. टाका अन् एंटर मारा.”

ते झालं. आता काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ. पंजाबरावांनी छाती काढून आधी स्वतःचं नाव टाइप केलं. यंत्र म्हणालं, असा आदेश सापडला नाही. त्यांनी पुढं ‘अध्यक्ष’ लावून पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. चार वेळा. आयुष्यात पहिल्यांदा पंजाबरावांना कोणीतरी तोंडावर सांगत होतं की हे नाव आम्ही ऐकलेलं नाही, आणि सांगणाऱ्याची बदलीही करता येत नव्हती!

मग त्यांनी पुस्तिका उघडली. दरवर्षी श्रावणात पोथी लावणारा माणूस. पोथी पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत वाचायची, मधे उठायचं नाही, अर्धवट ठेवायची नाही, नाहीतर दोष लागतो. पान एकपासून जसंच्या तसं टाइप करायला लागले. ‘पुस्तक’ फोल्डर बनवा. यंत्र म्हणालं, ते आधीच आहे. “पाह्य, बोललं!” पंजाबराव खुलले. आत जा. गप्प. बाहेर या. गप्प. नाव बदला, ‘पुस्तक’चं ‘ग्रंथ’ करा. गप्प.

“काऊन बोलत नाही हे? होऊन राह्यलं का नाही?”

“मामाजी, थांबा नं. ताईले येऊ द्या.”

“पोथी अर्धी सोडतेत का कोणी?” असं म्हणून त्यांनी बारावं पान लावलं आणि शेवटची ओळ टाइप केली. ‘ग्रंथ’ फोल्डर आतल्या सगळ्यासकट पुसून टाका. एंटर. यंत्र गप्प. पंजाबराव पुस्तिकेला हात जोडून उठले आणि चहा प्यायला गेले.

पाच वाजता धम्मशीलाबाई नारळ घेऊन आल्या. यादी उघडायला गेल्या, तर तसं फोल्डरच नाही. आपलंच टायपिंग चुकलं म्हणून तीनदा केलं. मग आधीचा आदेश परत आणायला वर जायची कळ दाबली, आणि एकेक ओळ उलटी वर यायला लागली. पुसून टाका. नाव बदला. बाहेर या. आत जा. फोल्डर बनवा. आणि त्याच्याही वर, पंजाबराव अध्यक्ष, पंजाबराव अध्यक्ष. दीपक सरांना फोन लावला. सर म्हणाले, “ताई, नक्कल राहिली ना आपली.”

पंजाबरावांना सांगितलं तर ते आधी घाबरले आणि मग, अशी माणसं घाबरली की जे करतात तेच त्यांनी केलं. “उद्या साहेबाले सांगा, तुमच्याकडून चुकून झालं. मी सांभाळून घेतो तुमाले. पूनमले बसवू त्या जागेवर, तुमी तिच्या हाताखाली या. घरचंच हाय सगळं.”

काय म्हणावं या माणसाला! नारळाची पिशवी टेबलावर आदळून बाई घरी गेल्या.

सत्तावीस तारखेला साहेब आले. हार झाला, शाल झाली, अध्यक्षांनी बत्तीस मिनिटं गावाच्या डिजिटल क्रांतीवर भाषण केलं आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, “पण दुर्दैवानं काल ग्रंथपाल बाईंच्या हातून यादी पुसल्या गेली. माणूस आहे, चुकते.”

साहेबांनी बाईंकडं पाहिलं. “तुमच्या हातून?”

धम्मशीलाबाई उठल्या. “यादी नाही, हे खरं. पूर्ण झाली होती, आता नाही. माझ्या हातून गेली नाही.” त्यांनी आदेशांचा इतिहास पडद्यावर काढला. साहेब चष्मा लावून वाचायला लागले, आणि चार ओळींवर थांबून म्हणाले, “पंजाबराव, तुमचं नाव यात चार वेळा कसं काय?”

“बाईंनंच लिहिलं असन! माझ्यावर ढकलासाठी. तिचं कोण ऐकते गावात? विचारा कोणालेही.”

सभेत तीसेक माणसं होती. निम्मी त्यांच्या शेतात कामाला जाणारी, निम्मी त्यांच्या पंक्तीला जेवणारी. सगळ्यांना एकदम आपापल्या चपला बघाव्याशा वाटल्या. धम्मशीलाबाईंनी त्या तीस माणसांकडं एकेक करून पाहिलं. यातल्या प्रत्येकाच्या पोरांचे परीक्षेचे अर्ज त्यांनी भरून दिले होते.

मागच्या रांगेतून पूनम उभी राहिली. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिनं सावरला नाही.

“साहेब, मामाजीनं टाइप केलं. मी बाजूले बसेल होती. मी थांबा म्हणलं, ते थांबले नाही. ताई मेहकरले गेल्या होत्या.”

पंजाबरावांच्या हातात तेव्हाही माईक होता. तो त्यांनी कोणी न मागताच खाली ठेवला.

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, ग्रंथपाल बदलू नये, यादीस सहा महिन्यांची मुदत द्यावी. पेढा न खाताच गेले. धम्मशीलाबाईंची नोकरी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पूनम आली नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, तिला सकाळच्या एसटीनं माहेरी, वरवट बकालला धाडलं. नवरा फाट्यापर्यंत पिशवी घेऊन गेला होता म्हणे, आणि तिथूनच परतला. ते ऐकून धम्मशीलाबाई कपाटांच्या आड गेल्या आणि ढसाढसा रडल्या. यादी गेली तेव्हा रडल्या नव्हत्या. आपली जागा वाचावी म्हणून आपण उभ्या राहिलो आणि घर गेलं ते त्या पोरीचं, हे त्यांना सोसवेना.

आठव्या दिवशी फोन आला. “ताई, रडू नका बरं. इथं भावाचा जुना कॉम्प्युटर हाय, त्याच्यावर मी लिनक्स चढवलं. नोंदवहीच्या पानांचे फोटो पाठवा. पहिली पाच कपाटं माझी.”

पंजाबराव आजही पारावर सांगतात, सुनेला चार महिने माहेरी बसवलं की डोकं कसं ताळ्यावर येतं ते पाहा. मे महिन्यात यादी पुन्हा पुरी झाली. शेवटच्या ओळीत नोंद करणाऱ्यांची नावं टाकायची होती, म्हणून धम्मशीलाबाईंनी पूनमला माहेरी फोन करून विचारलं, तुझं पूर्ण नाव कसं लिहू?

“माहेरचं लिहा,” पूनम म्हणाली.