मशीनले पोळ्याची सुट्टी

आमच्या मामाजींचं नाव रघुनाथराव. माझे सासरे होत ते. गुडघे गेले, नजर कमी झाली, पण जीभ अजून जवानच आहे. मी त्यायची सून, रोज ऐकून राहिली, म्हणून सांगते.

सारी उमर त्यायनं आमच्या गावी, रामाकोन्यात, संत्र्याच्या बगिच्यात काढली. मग बगिच्यात ट्रॅक्टर आला अन् बैलजोडी विकावी लागली. त्या दिवशी मामाजी जेवले नाईत. तवापासून घरात बसून राहिले. मी अंगणवाडीत जाते, अन् आमचे हे, नाव घ्याचं तं गुणवंता, सौसरच्या मंडीत नोकरीवर. दिवसभर मामाजी एकटे. एक दिवस न्हाणीत पाय घसरला. मी दुपारी घरी आली तं फरशीवर पडलेले, अन् उलट मलेच म्हणतात, "आज उशीर काऊन केला?" हाड मोडलं नाई, नशीब आमचं. पण माझं काळीज तवापासून जागेवर नव्हतं.

यायचे मोठे भाऊ, माझे भासरे पंकज, नागपूरले राहतात. बँकेत साहेब आहेत. त्यायनं एक कॅमेरा पाठवला, म्हणे बाबाच्या खोलीत लावा, मी इथून मोबाईलवर पाहत जाईन. नेट गेलं का तो कॅमेरा आंधळा. अन् मामाजीची सारी चित्रं जाऊन राहिली कोण्या कंपनीच्या मशीनवर, ती कुठं ठेवली देव जाणे. मामाजीनं त्या कॅमेऱ्यावर आपली टोपी अडकवून ठेवली. "मी धोतर कसं नेसतो, हे कंपनीले दाखवाचं आहे का?" म्हणे. भासरे चिडले. फोनवर म्हणाले, "बस झालं आता. पोळ्याले येतो अन् बाबाले इकडंच घेऊन येतो."

मामाजी नुसतं अंगणाकडं पाहत राहिले. माझ्या नवऱ्याले ते पाहवलं नाई.

मग काय! सौसरच्या एका दुकानातून जुना कम्प्युटर उचलून आणला. म्हणे, "आपला सर्व्हर आपल्याच घरात." मी म्हटलं, सर्व्हर म्हणजे काय असते जी? म्हणे, "घरचा कारभारी समज. बत्त्या, पंखे, दारं, सारे ह्याच्या हुकमात. घरातली गोष्ट घराबाहेर जात नाई, अन् नेट असो नसो, ह्याचं काम चालूच." बरं, कारभाऱ्याले बसवलं कुठं? देवघरात! इन्व्हर्टरचा पॉइंट तिथंच होता म्हणे. मी लय भांडली. देवाच्या बाजूले तो काळा डबा घूं घूं करून राहिला, अन् मी तिथं उदबत्ती लावू का डोकं आपटू?

पहिला महिना तं नुसता तमाशा होता. मी झाडू मारली का मामाजीची बत्ती लागे. एकदा मांजर न्हाणीत शिरलं, अन् शेजारच्या शकुंतलाबाई हातात लाटणं घेऊन धावत आल्या, कारण त्या डब्याची घंटी त्यायच्या घरीही वाजत होती. हे मंडीतून आले का त्या डब्यापुढं मांडी घालून बसत. मी म्हटलं, "इतकं कधी माझ्यापुढं बसले असते तं!" पण जमवलं बाप्पा माणसानं. मामाजी न्हाणीत गेले अन् बराच वेळ बाहेर आले नाईत, का घंटी वाजते. पलंगाजवळ बटण, दाबलं का शकुंतलाबाई हजर. मीही मग मनावरचं ओझं उतरवून अंगणवाडीत जाऊ लागली.

मामाजी पहिले त्या डब्याकडं पाहतही नव्हते. मग एक दिवस मी दारात चपला काढून राहिली होती, तं आतून आवाज आला, "तापला का रे? थांब, पंखा लावतो." मले वाटलं पाहुणे आले. पाहते तं मामाजी डब्याले धोतराच्या सोग्यानं पुसून राहिले होते. मी मुकाट्यानं मागच्या दारानं गेली. लय दिवसांनी त्यायचा असा मऊ आवाज ऐकला होता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं बैलाच्या खांद्याले तूप-हळद लावतात अन् दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. आमच्या घरी आता कुठले बैल? पण मामाजी तुपाची वाटी घेऊन देवघरात गेले. डब्याच्या पत्र्याले हळदीतुपाचं बोट लावलं अन् म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

"मामाजी!" मी किंचाळली. "तूप आत गेलं तं जळन ना तो!"

हे हसून हसून लोटपोट. मामाजी मात्र हसले नाईत. शांतपणे वाटी ठेवली अन् झोपाले गेले.

पोळ्याच्या सकाळी हे दाराशी ठेवाच्या पळसाच्या डहाळ्या आणाले गेले, मी चुलीवर पुरण घोटून राहिली होती, अन् भासरे आले. हातात मोठी रिकामी बॅग. पाणीही घेतलं नाई, पहिले म्हणाले, "दाखवा तुमचं मशीन." मी मोठ्या तोऱ्यात पलंगाजवळचं बटण दाबलं. काहीच नाई. पुन्हा दाबलं. चूपचाप. देवघरात धावली तं डबा थंडगार, वरती झेंडूची माळ, पुढं नैवेद्याचं ताट, अन् वायरची पिन बोर्डातून काढून बाजूले ठेवलेली.

"ह्याच्या भरवशावर बाबाले ठेवता तुमी?" भासरे कडाडले. "बाबा, कपडे भरा."

"पिन मी काढली," मामाजी पलंगावरून म्हणाले. "आज पोळा होये. इतके महिने राबून राहिला तो माझ्यासाठी. पोळ्याच्या दिवशी मी कधी बैलाच्या मानेवर जू ठेवलं का रे?"

"अन् आज तुमी पडले तं?"

"बैल मोकळे असतात त्या दिवशी त्यायचं काम कोण करते? माणसंच करतात ना? आज तुमची पाळी. मले आंघोळ कराची आहे, चाल."

भासरे बॅग हातात घेऊनच न्हाणीच्या दाराबाहेर उभे राहिले. मी चुलीजवळून पाहून राहिली होती. आत पाणी सांडल्याचा आवाज, तांब्याचा आवाज, अन् मग एकदम सारं बंद.

"बाबा?" उत्तर नाई. "बाबा!" भासऱ्यायनं बॅग टाकली, दाराले हात घातला.

"आहो रे, आहो. साबण लावून राहिलो."

भासऱ्यायनं डोकं दाराले टेकवलं. एवढा मोठा साहेब, अन् बाहीनं डोळे पुसून राहिला. मग घडीघडी तेच. "बाबा?" "आहो." "बाबा?" "आहो ना रे!" लहानपणी दोघं असे बोलले असतील का, मले माहीत नाई. माझं पुरण खाली लागून गेलं, पण मी जागची हलली नाई.

"बाबा," भासरे दाराबाहेरूनच म्हणाले, "मी तुमाले नेत नाई. राहा तुमी इथंच. पण दर पोळ्याले मी येत जाईन. मशीनच्या बदली."

आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ये ना बाप्पा, ये," मामाजी म्हणाले. "मशीन टॉवेल देत नाई. दे पहिले."