देवापुढची वात
केस जळल्याचा वास आला की मला दापोऱ्याच्या आमच्या घरातली कापसाची खोली आठवते. विदर्भ तिकडे मुंबई राज्याला जोडला गेला आणि आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो, त्या साली शाळेतल्या गुरुजींनी मला त्यांच्या सशांमधली एक पांढरी सशीण दिली होती. वेचणीचे दिवस होते, खोली कापसानं भरलेली होती, आणि सशीण तिथंच कोपऱ्यात राहायची. कापूस म्हणजे लक्ष्मी, त्याला झाडू लावायचा नाही, म्हणून आई रोज सकाळी भुईवरचे पांढरे पुंजके हातानं वेचायची आणि त्यांच्या वाती वळायची. एका संध्याकाळी तिनं देवापुढं दिवा लावला, तर वात तडतडून आक्रसली आणि घरभर जळक्या केसांची घाण पसरली. "अहो, हा कापूस नव्हे!" आई वडिलांकडे बघून किंचाळली. मी धावत जाऊन सशिणीला उचललं, तर तिचं पोट उघडं, गुलाबी पडलेलं. खरूज नव्हती, जखम नव्हती, तिनं आपल्याच तोंडानं केस उपटले होते. ती बसली होती तिथं गार भुईवर बिनकेसांची चार पिल्लं होती. तीन वळवळत होती, चौथं हलत नव्हतं. "बिचारी रोज बिछाना करत होती, अन् मी रोज उचलून आणत होती," एवढंच आई बोलली. मग तिनं डब्यातल्या सगळ्या वाती काढल्या, एकेक उलगडली आणि पिल्लांभोवती पसरली. त्या दिवशी आमच्या देवापुढं अंधार राहिला. आता घरात वाती मी वळते, पण कापूस हातात घेतला की आधी नाकाशी नेते.