नवी मुंबई ते दिल्ली, पाय सरळ ठेवून

स्क्रीनवर ‘प्रीमियम’ असं ठळक लिहिलेलं होतं आणि माझा त्यावर काडीचाही विश्वास बसत नव्हता.

वाशीतल्या आमच्या ट्रॅव्हल एजन्सीत विमान तिकिटांचं डेस्क मी सांभाळते. समोर करंजाड्याचे दशरथशेठ म्हात्रे बसले होते. त्यांना आपल्या आईला दिल्लीला, स्वतःच्या बहिणीकडे पाठवायचं होतं. बिझनेस क्लासने. आणि विमान नवी मुंबईच्या नव्या एअरपोर्टवरूनच सुटायला हवं होतं.

“लिवलाय ना प्रीमियम? मंग काढा ना तिकीट,” शेठ म्हणाले.

“थांबा. आधी सीट मॅप बघते.”

सीट मॅप म्हणजे विमानातल्या खुर्च्यांचा नकाशा. या मार्गावरच्या विमानांत वेगळी पुढची केबिन असली, की पहिल्या काही रांगांत वाटेच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या दोन-दोन दिसतात. रुंद, पुढे ऐसपैस जागा. इथे पहिल्या रांगेपासून शेपटीपर्यंत तीन-तीन. म्हणजे ‘प्रीमियम’ हे तिकिटाचं नाव होतं, खुर्चीचं नव्हे. जेवण मिळणार, तारीख बदलून मिळणार, गुडघे मात्र पुढच्या सीटच्या पाठीला. कंपनी खोटं बोलत नाही. पण नेमकं विचारल्याशिवाय खरंही सांगत नाही.

“मुंबईच्या एअरपोर्टवरून देऊ का? तिथून बिझनेसच्या भरपूर फ्लाइट आहेत.”

शेठनी मान तिरकी केली. “म्याडम, खरा सांगा. मुंबईच्या तिकिटात तुमाला कमिशन जास्त हाय काय?”

मला असा राग आला! इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण तोंडावर कुणी असं विचारलं नव्हतं. शेठ गेल्यावर आमचे बॉस साळवी सर केबिनमधून म्हणाले, “कशाला डोकं लावतेस? शेठ लोकांना स्टेटसला फोटो टाकायचा असतो. मुंबईचं दे आणि मोकळी हो.” खरं सांगायचं तर मलाही तीच शंका होती.

दुसऱ्या दिवशी शेठ आईलाच घेऊन आले. हिराबाई. ठसठशीत कुंकू, हातात काठी. त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांचा डावा पाय सरळ समोर आला, पॅसेजच्या पार मध्यापर्यंत. जुन्या अपघातानंतर तो गुडघ्यात वाकतच नव्हता. आमची अकाउंटंट फाइल घेऊन तो ओलांडून गेली. “सांभाल गो पोरी,” हिराबाई म्हणाल्या. मग कुरियरवाला आला, त्यालाही तेच.

“आजी, मुंबईहून गेलात तर सोपं पडेल,” मी म्हटलं.

“नको. तो एरपोर्ट हाय ना, तिथं आमचा शेत व्हता. येकदा तिथनंच उडायचा हाय मना.”

साळवी सर बाहेर आले होते. त्यांनी त्या पायाकडे पाहिलं आणि ते परत आत गेले. माझीही शंका तिथेच फिटली.

आता खरं शोधकाम सुरू झालं. साध्या क्लासमध्ये हा पाय बसणार नव्हता. टेक-ऑफला तो वाटेत ठेवता येत नाही. इमर्जन्सी दरवाजाजवळ जागा असते, पण चालायला त्रास असलेल्यांना तिथे बसवत नाहीत. मी एअरलाइनच्या कॉल सेंटरला फोन लावला.

“पहिल्या रांगेत वाटेच्या एका बाजूला किती सीट आहेत?”

“मॅम, प्रीमियम अव्हेलेबल आहे.”

“ते नाही विचारलं. सीट किती?”

“मॅम, प्रीमियम अव्हेलेबल आहे.”

फोन ठेवला. मग त्याच फ्लाइटचे वेगवेगळ्या दिवसांचे सीट मॅप उघडत बसले. फ्लाइट नंबर एक असला तरी रोज विमान एकच असेल असं नाही. आणि निघालं! शनिवारी दोन-दोन. इतर दिवशी तीन-तीन. तरी विश्वास बसेना. दिल्लीला जाणारं ते विमान सकाळी बंगळुरूहून येतं, असं आमच्या सिस्टिमवर कळलं. त्या फ्लाइटचा मॅपही दोन-दोन होता. तेव्हा कुठे मी दुसरी रांग बुक केली.

“पयली का नको?” शेठनी लगेच विचारलं. “तिथं कोन, तुमचा मानूस बसनार?”

“पहिल्या रांगेसमोर भिंत असते, शेठ. दुसरीत पाय पुढच्या सीटखाली सरकतो.”

त्यांनी मान डोलावली, पण डोळ्यांतला संशय काही गेला नाही.

मलाही चैन नव्हती. रोज ऑफिसात आले की चहाच्या आधी तो मॅप उघडायचे. प्रवासाच्या आठवड्यात एका सकाळी दोन-दोन गायब! विमान बदललं होतं. शेठच्या मोबाइलवर एवढाच मेसेज: ‘आपला सीट क्रमांक बदलला आहे.’ वाचून त्यांना वाटलं असतं, नंबर तर बदललाय, त्यात काय? हिराबाई थेट विमानाच्या दारात अडकल्या असत्या.

पुन्हा कॉल सेंटर. “मॅम, फरकाचा रिफंड मिळेल.”

“रिफंडवर पाय पसरता येत नाही. तुमच्या सुपरवायझरना द्या.”

त्यानंतरच्या शनिवारी मात्र दोन-दोनचंच विमान होतं. तारीख बदलून घेतली. त्या शनिवारी सकाळी हिराबाई सिक्युरिटीतून आत जाईपर्यंत मी घरी मॅप उघडून बसले होते. दोन-दोन होतं. तसंच राहिलं.

दुपारी दिल्लीहून शेठच्या बहिणीचा फोन आला. पाय अगदी सरळ राहिला, म्हणे. मग हिराबाई फोनवर आल्या.

“म्याडम, येक विचारू? खोटा नाय ना बोलनार?”

“विचारा, आजी.”

“नक्की आमच्याच जाग्यावरनं उडालो ना? खिडकीतनं लय बघला. मना कायच वलखू आला नाय.”

“तिथूनच उडालात, आजी. बोर्डिंग पासवर लिहिलंय बघा, नवी मुंबई.”

“कागदावर काय,” त्या म्हणाल्या, “आमचा शेत बी व्हता.”

ऑफिसात नव्या आलेल्या मुलींना मी शिकवते की लिहिलेल्या नावावर जाऊ नका, खुर्च्या मोजा. हिराबाईंना ते कुणी शिकवावं लागलं नव्हतं.