हॉलवाल्याच्या घरची हळद

कोपरखैरण्याच्या गावठाणाला लागून जे बहुउद्देशीय केंद्र आहे, त्याची देखभाल एकोणीस वर्षं पंढरीकडे आहे. खाली लग्नाचा हॉल, वर म्हाताऱ्यांचं विरंगुळा केंद्र, त्यावर मोकळी गच्ची. पंढरीचा कायदा एकच: रजिस्टरात ज्याचं नाव, त्याचा हॉल. एकदा एका पुढाऱ्याचा माणूस दमदाटी करायला आला, तर पंढरीने त्याच्याच हातात पेन देऊन त्याला पुढच्या महिन्याची तारीख घ्यायला लावली. म्हाताऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष गोटीरामनाना. त्यांचा कॅरम ऐन रंगात आला की आठच्या ठोक्याला पंढरी पंखे बंद करणार आणि नाना त्याच्या सात पिढ्या काढणार, हे रोजचंच.

तर या पंढरीच्या मुलीची, मनस्वीची हळद ठरली. वैशाखातली त्रयोदशी. हॉलची चिंता नव्हती, हॉल घरचाच. म्हणूनच पठ्ठ्याने रजिस्टरात नाव घातलं नाही. घरात बोलणं तिथीचं आणि रजिस्टर तारखेचं. मधेच वाशीच्या मेहरुनभाबी आल्या. त्यांच्या अलिशाच्या मेहंदीला एक तारीख हवी होती. रकाना कोरा होता, तेव्हा पंढरीने ठसठशीत अक्षरात त्यांचं नाव लिहिलं आणि वर चहाही पाजला.

पत्रिकेचा कच्चा कागद घेऊन मनस्वी केंद्रावर आली, तेव्हा त्रयोदशीची तारीख नेमकी तीच निघाली.

"गावातल्या सगल्या पोरींच्या हलदी तुमच्या ध्यानात ऱ्हायल्या, बाबा," ती म्हणाली. "माजीच तेवडी इसरलात."

पंढरीच्या तोंडचं पाणी पळालं. दारात मांडव घालावा, तर गल्लीत दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं. आणि आगऱ्यांची हळद म्हणजे चारशे माणूस. मेहरुनभाबींच्या कानावर गेलं, तर त्यांचा लगेच फोन आला. "पंढरीभाऊ, आमी बदलतो ना तारीख."

"नाय भाबी. नाव तुमचं हाय," पंढरी म्हणाला. कायदा मोडवेना आणि पोरीच्या तोंडाकडे बघवेना, अशी त्याची गत झाली.

उरला वरचा मजला आणि गच्ची. पण तिथे सही चालायची गोटीरामनानांची. पंढरी जिना चढला. नानांनी मान वर न करता सोंगटी मारली.

"अर्ज लिवून आन. दोन प्रती. तोंडी आमी काय देत नाय. तूच शिकवलंस."

अख्खं मंडळ गालात हसत होतं. पंढरीने मुकाट्याने बसून लिहिलं. विषय: मुलीची हळद. नानांनी चष्मा पुसून अर्ज दोनदा वाचला, सही केली आणि सहीच्या वर एक ओळ घातली. 'मंजूर. अट: त्या दिवशी वधूपित्याने कुठल्याही कामाला हात लावू नये.'

अट त्यांनी कसोशीने पाळून घेतली. खुर्च्या म्हाताऱ्यांनी मांडल्या, पाणी म्हाताऱ्यांनी भरलं. खालच्या मेहंदीतल्या बायकाही हात वाळायच्या आत वर येऊन गेल्या. पंढरी दोनदा पंखे बघायला उठला आणि दोन्ही वेळा नानांनी त्याला खांदे धरून खाली बसवलं. एकोणीस वर्षं इथल्या प्रत्येक कार्याला तो होता, पण 'बस जरा' असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. मनस्वीने त्याच्या गालाला हळद लावली, तेव्हा तो चारशे माणसांदेखत ढसाढसा रडला. डोळे पुसायला कुणी पुढे झालं नाही, कारण सगळ्यांचेच हात हळदीने भरले होते.