चाचांनी शोधलेला रस्ता

चाचा रस्त्याला हात लावून पाहत. पहाटे वाकून डांबरावर तळवा टेकवायचे, बोटं एकमेकांवर चोळायचे आणि निकाल द्यायचे, "घामेजलाय. आज हळू गो." उभा जन्म त्यांनी मालट्रक चालवला होता. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढण्यात किती हिवाळे गेले, त्यांनाच ठाऊक. म्हातारपणी ते महाडला आमच्या शेजारी राहत आणि शेजारधर्म म्हणून माझी काळजी करत.

काळजीचं कारण होतं पोलीस भरती. वयामुळे ती माझी शेवटचीच भरती होती. हुकली, तर उन्हाळ्यात लग्न उरकायचं असं घरी ठरलं होतं. धावायला मैदान नव्हतं, आणि हिवाळ्यात आमच्याकडे सकाळी आठपर्यंत धुकं हलत नाही. चाचा सायकलवरून आठवडाभर रस्ते पाहत फिरले. नदीकाठी हाताचं बोट दिसत नव्हतं. शेताचे बांध दवानं निसरडे. वरंधचा रस्ता चढाचा, "छाती फुटंल तुझी." हायवेचं नावच काढायचं नाही, कारण "ट्रकवाले कसे असतात ते मला इचार." शेवटी नाते गावाकडे जाणारा रस्ता पास झाला.

चाचा बॅटरी लावून पुढे सायकलवर, मी मागे. "डावीकडून! आपली बाजू सोडायची नाय!" हा त्यांचा मंत्र. मीही इमानेइतबारे डावीकडून धावत होते.

एका सकाळी दुधाचा टेम्पो मागून आला. धुक्यात त्याला मी दिसले नाही आणि मला तो. त्याचा आरसा कोपराला घासून गेला आणि मी चरात पडले. गुडघा फुटला, बाकी काही नाही. सायकल टाकून चाचा धावत आले आणि माझ्याजवळच मटकन बसले.

"मी तुला गाडीसारखी चालवली गो," ते म्हणाले. "गाडीला मागचं बघायला आरसा असतो. तुला कुठं हाय?"

आईने धावणं बंद केलं. संध्याकाळी चाचा दारात उभे. "भाभी, चूक माझी हाय. पोरीची नाय." दुसऱ्या दिवशी दुखऱ्या गुडघ्यांनी ते तो अख्खा रस्ता पायी चालून आले. ड्रायव्हरच्या सीटवरून कधी न दिसलेला रस्ता त्यांनी तेव्हा पाहिला आणि येऊन आईला सांगितलं, "पायी माणसानं उजवीकडून जायचं, गाडी समोर दिसंल." मग आईनेच माझे बूट बाहेर काढले. तिथून पुढे मी उजवीकडून, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून धावले. चाचा सर्वांत वाईट वळणावर बॅटरी घेऊन उभे राहत. मी परतेपर्यंत आई दारातून हलत नसे.

मी भरती झाले. ट्रेनिंगला निघताना म्हटलं, "चाचा, आता पहाटे निवांत झोपा."

"झोप कसली? शाळेची पोरं जातात त्या रस्त्यानं. समद्यांची पाठ गाडीकडं!"

ट्रेनिंग संपायच्या आतच चाचा गेले. आईचं पत्र उशिरा पोचलं, मला त्यांचं तोंडही पाहता आलं नाही. त्याच हिवाळ्यात मी सुट्टीवर आले आणि सकाळच्या एसटीने नात्याला निघाले. दाट धुकं होतं. वळणावर समोरून, रस्त्याच्या आमच्याच बाजूने शाळेची पोरं येत होती, एकामागे एक, आमच्या गाडीकडे तोंड करून. त्यांना सांगणारं आता तिथे कोणी उभं नव्हतं. धुक्यातून आधी दिसले ते त्यांचे चेहरे. ड्रायव्हरने गाडी हळू केली, आणि मला रडू आवरेना.