आबांची शंभरची गोळी

सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला तेव्हा माझ्या वडिलांनी, आबांनी, सोयगावकडची सगळी मेंढरं विकली आणि आम्ही शहरात येऊन मुकुंदवाडीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मी औषधाच्या एका कारखान्यात वजनखोलीत काम करत होते. आबा शेजारच्या बांधकामावर राखणदार म्हणून बसायला लागले. भोवती इमारती वर चढत होत्या आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं.

त्या हिवाळ्यात आबा गप्प होत गेले. भर दुपारी घोंगडं पांघरून बसायचे. आवाज जड झाला, चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला. आई म्हणायची, मेंढरांचा घोर लागलाय. आम्हाला ते पटलंही होतं. रक्त तपासलं तेव्हा कळलं की थायरॉइड मंदावलंय. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली. पाकिटावर लिहिलं होतं ०.१ मिलिग्रॅम. दोन महिन्यांत आबांचं बोलणं पुन्हा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येऊ लागलं.

मग एकदा दुकानदारानं दुसऱ्या कंपनीचं पाकीट दिलं. त्यावर १०० मायक्रोग्रॅम असं होतं. दोन्ही एकच, हे मला माहीत होतं, म्हणून मी काही बोलले नाही. चुकलं ते तिथंच.

मे महिन्यात आबांनी पंखा बंद करायला सांगितला. बाहेर ऊन रणरणत होतं आणि ते काकडत होते. चेहरा पुन्हा सुजला होता, कामावर जाणंही थांबलं होतं. मला शंका आली. त्यांची पत्र्याची पेटी उघडली, तर तळाशी गोळ्यांची पाकिटं तशीच, एकही गोळी न काढलेली.

मी विचारलं. त्यांनी सांगितलं की तरुणपणी एका कोकराला जंताचं औषध पाजताना त्यांच्या हातून दुप्पट गेलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत ते कोकरू त्यांच्या मांडीवरच गेलं. इंग्रजी अक्षरं आबांना येत नव्हती, आकडे मात्र येत. नव्या पाकिटावरचा आकडा बघून त्यांनी धसका घेतला होता.

"दुपटीनं कोकरू गेलं, बाई. हितं तर एकाचा धावा हिस्सा होता, त्याचं एकदम शंभर केलं."

"मग मला का नाय सांगितलं?"

"तुमच्याच कारखान्यातली चूक असंल तर? तुझी नोकरी गेली असती."

माझ्या नोकरीपायी माणूस दोन महिने कुडकुडत बसला होता. मला रडू येत होतं, पण मी खडू घेतला आणि फरशीवर लिहायला बसले. एका किलोचे हजार ग्रॅम, हे ते जाणून होते. एका ग्रॅमचे हजार मिलिग्रॅम. एका मिलिग्रॅमचे पुन्हा हजार मायक्रोग्रॅम. मिलिग्रॅमला एम-जी लिहितात, मायक्रोग्रॅमला एम-सी-जी, मधे एक सी जास्त.

"आधीची गोळी मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा होती. आता हजाराचा दहावा हिस्सा किती?"

"शंभर," ते म्हणाले, आणि पाकीट पुन्हा डोळ्यांजवळ नेलं.

तरी त्यांचं समाधान होईना. बोकड नुसता उचलून त्याचं वजन सांगणारा माणूस तो. त्यांनी गोळी तळहातावर घेऊन झुलवली आणि विचारलं, औषध एवढंसंच असंल तर बाकीचं काय हाय ह्यात? मी सांगितलं, बाकी सगळा भराव, पिठासारखा. नाहीतर गोळी चिमटीतच येणार नाही. आमच्या काट्याला काचेची दारं असतात, जवळ श्वास सोडला तरी शेवटचा आकडा हलतो. तो शेवटचा आकडा एक दाखवतो, तेवढं तुमचं दिवसाचं औषध.

ते विचारात पडले. "मंग एक ग्राम किती दिवस पुरंल?"

दोघांनी मिळून हिशेब केला. दहा हजार दिवस. सत्तावीस वर्षांहून जास्त.

"म्हंजी मरस्तोवर पुरून उरंल की," म्हणत ते हसले. कितीतरी दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर रागावले ते माझ्यावर, आणि बरोबरच होतं. पुन्हा रक्त तपासून त्यांनी तीच गोळी सुरू केली. पावसाळा लागेपर्यंत आबांच्या चेहऱ्यावरची सूज उतरली आणि ते पुन्हा कामावर जाऊ लागले.

इंग्रजीतलं ते एक अक्षर आबांनी पक्कं ध्यानात ठेवलं. औषधाच्या दुकानात ते स्वतःच जात. पाकीट हातभर लांब धरून आधी आकडा वाचत, मग त्याच्या पुढची अक्षरं एकेक करून न्याहाळत. मागं रांग लागली तरी घाई करत नसत. शेवटी दुकानदारानं त्यांच्यासाठी काउंटरच्या बाजूला एक स्टूल ठेवलं.